पोटॅशियम एक पॉइंट सात

"तुमचं पोटॅशियम एक पॉइंट सात आहे," डॉक्टर मॅडम हातातला कागद बघत म्हणाल्या. "तुम्ही काहीही प्यायलेलं नाही."

पहिलं वाक्य मला कळलं, कारण मी जीवशास्त्र शिकवते. निरोगी माणसाच्या रक्तात हा आकडा साधारण साडेतीन ते पाचच्या मध्ये असतो. पण मला रडू आलं ते दुसऱ्या वाक्यामुळे. दीड दिवस मी हेच सांगत होते. मान उशीवरून उचलत नव्हती. हात कुणीतरी पोटावर ठेवले होते, ते तिथेच पडून होते. रडायला तेवढा चेहरा शिल्लक होता, त्याने मी रडले.

डॉक्टर मॅडम वाकल्या आणि माझ्या डोळ्यांवर टॉर्च धरला.

"तुम्ही रडताय, पण पाणी कुठंय?"

पाणी नव्हतंच. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचत होतं, बस.

"कोरडं बिस्कीट पाण्याशिवाय गिळता येतं का तुम्हाला?"

"नाही."

"कधीपासून?"

मला आठवून सांगावं लागलं. पाच वर्षं तरी झाली असतील. डब्यातली पोळी मी घोटा-घोटाने पाणी पीत खायचे. वर्गात फळ्याजवळ पाण्याची बाटली असायची. हे कधी कुणाला सांगावं असं वाटलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

माझं नाव ज्योती. मी मारेगावला कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला शिकवते. हे लिहितेय ते अशा कुणासाठी, ज्याचे पाय एखाद्या सकाळी उचलणार नाहीत आणि ज्याच्या भोवतीच्या माणसांना त्याचं कारण आधीच ठाऊक असेल.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात यायचं ते एकाच कारणासाठी. बाहेरगावच्या ओळखीच्या माणसाला यवतमाळ म्हटलं की तो आवाज खाली आणायचा. माझे यजमान विलास यांचं मारेगावात कृषी केंद्र आहे, म्हणजे बियाणं, खत आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. आमच्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात. 'औषध घेतलं' या दोन शब्दांचा अर्थ सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरतो.

भाद्रपदातला मंगळवार होता. दोन दिवस पोटऱ्या दुखत होत्या. पायऱ्या चढताना मांड्या भरून यायच्या. उभं राहून शिकवण्याने होत असेल, असं मी धरलं. सकाळी उठायला गेले तर पाय उठेनात. मुंग्या नव्हत्या, बधिरपणा नव्हता. चादरीची घडी पायाखाली टोचत होती, ती कळत होती. पण पाय उचल म्हटलं तर उचलत नव्हता.

विलास पहाटेच दुकानात गेले होते. औषधाच्या बाटल्यांचं एक खोकं गळत होतं, ते बाजूला काढून पुसत होते. माझी हाक ऐकून तसेच धावत आले आणि त्यांनी मला दोन्ही हातांवर उचललं. माझा पदर त्यांच्या शर्टाला घासला. या गोष्टीचं पुढे काय होणार आहे, हे तेव्हा आम्हा दोघांनाही कळायचं कारण नव्हतं.

घराजवळच्या डॉक्टरांनी ग्लुकोजची बाटली लावली. अशक्तपणा आला की आपल्याकडे ग्लुकोज लावतात, लोकही तेच मागतात. बाटली अर्धी झाली तेव्हा माझे हात जड झाले. संपली तेव्हा चमचाही धरवेना. डॉक्टर घाबरले. माझ्या पदराचा वास घेतला, विलासकडे पाहिलं आणि म्हणाले, "यवतमाळले न्या. लवकर न्या."

शेजाऱ्यांच्या जीपमध्ये मागच्या सीटवर माझं डोकं विलासच्या मांडीवर होतं. करंजी गेलं तसे ते खाली वाकून हळूच म्हणाले, "ज्योती, मले खरं सांग. काय घेतलं तू?"

"काही नाही घेतलं."

"मी रागावणार नाही. नाव सांग फक्त. डॉक्टरले सांगा लागते."

"अहो, काहीच नाही घेतलं मी."

त्यांनी मान वर केली आणि रस्त्याकडे बघत राहिले. त्यांना माझं म्हणणं पटलेलं नाही, हे मला मांडीच्या ताठरपणावरून कळलं. माझ्या पायांना काय झालंय त्यापेक्षा मला त्या क्षणी याचीच जास्त भीती वाटली.

यवतमाळच्या दवाखान्यात त्या दिवसांत फवारणीचा हंगाम चालू होता, असंच म्हणायला हवं. वॉर्डात अर्ध्याहून जास्त माणसं औषधाची. कुणी फवारताना अंगावर गेलेली, कुणी स्वतःहून घेतलेली. सिस्टरांनी पदर हुंगला आणि "काय घेतलं?" विचारलं. मी नाही म्हटलं. "सगळे आधी नाहीच म्हणतात, ताई," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. नाकातून नळी घालून त्यांनी माझं पोट धुतलं. ते कसं असतं हे मी लिहीत नाही. एवढंच सांगते, की हात हलत नसताना कुणी नाकात नळी घालत असेल तर आपण डोळे मिटू शकतो, बाकी काही करू शकत नाही.

त्या दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंतचा काळ हा माझ्या आजारातला खरा आजार आहे.

छताला एक पंखा होता आणि त्याच्या बाजूला पोपडा निघालेला चौकोन. मान वळत नसल्याने मला तेवढंच दिसायचं. माणसं माझ्या नजरेच्या टप्प्यात वाकून यायची आणि निघून जायची. गालावर माशी बसली की ती उडेपर्यंत तिचे सगळे पाय मोजता यायचे. स्पर्श पूर्ण होता, बुद्धी लख्ख होती, आणि त्यांच्यात आणि हातापायांत कुणीतरी दार लावून घेतलं होतं.

संध्याकाळच्या आत माझा मोठा भाऊ बाभुळगावहून आला. दादा दोन माणसांना घेऊनच आला होता. मी दोन वर्षं माहेरी गेले नव्हते. बसमध्ये बसलं की अंग मोडून यायचं, उतरल्यावर दोन दिवस झोपून काढावे लागायचे, म्हणून टाळत होते. दादाला वाटत होतं, विलास जाऊ देत नाहीत. तो माझ्या तोंडावर वाकला.

"ज्योती, घाबरू नको. त्याचं नाव घे फक्त. बाकी मी पाहतो."

"दादा, त्यायनं काही नाही केलं. मी काही नाही घेतलं."

"तू त्याले वाचवून राह्यली."

"नाही रे."

"पाह्य, डोळ्यात टिपूस नाही हिच्या," तो सोबतच्या माणसाला म्हणाला. "किती सोसलं असन पोरीनं, रडणं बी सुकलं."

बाहेर व्हरांड्यात आवाज वाढले. दादा विलासना दुकानाबद्दल, माझ्या माहेरी न येण्याबद्दल विचारत होता. विलास काहीतरी उत्तर देत होते. हवालदार वही घेऊन आले. जबाब घ्यावाच लागतो, असं म्हणाले. मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. सही करायला हात नव्हता, म्हणून अंगठा धरून कागदावर टेकवला. ते म्हणाले, "उद्या परत विचारतो बाई. उद्या आठवलं तर सांगजा."

मग मुलीचा फोन आला. ती अमरावतीला होस्टेलवर राहते. विलासनी फोन माझ्या कानाला लावून धरला.

"आई," ती म्हणाली, "तू असं काहून केलं?"

मी काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही. आठवतं ते हे, की माझ्या कानाजवळ फोन धरलेला विलासचा हात गालाला टेकला होता आणि मला तो धरता येत नव्हता.

मी वर्गात वैज्ञानिक पद्धत शिकवते. आधी निरीक्षण, मग अंदाज, मग अंदाज खोटा पडतो का ते तपासणं. खोटा पडूच शकत नाही असा अंदाज विज्ञानाचा नव्हे, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि पोरं खाली मान घालून उतरवून घेतात. त्या खाटेवर मी अशाच एका अंदाजात अडकले होते. हो म्हटलं असतं तर ते खरं ठरलं असतं. नाही म्हटलं तर लपवते आहे. गप्प राहिले तर लाज वाटते आहे. रडले नाही तर दगड झाली. माझ्याकडून निघणारी प्रत्येक गोष्ट त्याच खुंटीला जाऊन अडकत होती.

सकाळी मला श्वास कमी पडायला लागला. धाप नव्हती, फक्त वाक्य पुरं व्हायच्या आत हवा संपायची. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की मी अशीच मरेन, आणि मेल्यावर लोक म्हणतील तेच खरं राहील. मुलगी आयुष्यभर तेच खरं धरून चालेल. या विचाराने मला जागं केलं म्हणा. कुणाला पटवायचं सोडून दिलं आणि मी स्वतःकडे परक्या माणसासारखी बघायला लागले. काय दिसतंय ते मनात एकाखाली एक मांडलं.

राउंडला नव्या डॉक्टर मॅडम आल्या. नांदेडकडच्या होत्या, वयाने माझ्या पहिल्या विद्यार्थिनींएवढ्या. त्यांनी कागदावर नजर टाकली आणि विचारलं, "कसं वाटतंय?"

आदल्या दिवसापासून हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता.

मी थांबत थांबत सांगितलं. पायांपासून सुरू झालं आणि वर चढलं. संवेदना पूर्ण आहे. उलटी नाही, घाम नाही, तोंडाला लाळ नाही. ग्लुकोज लावण्याआधी हात चालत होते, लावल्यावर गेले. आणि पदराचा वास माझा नाही, यजमानांच्या शर्टाचा आहे.

त्यांनी पेन खिशाला लावलं. माझ्या पापण्या वर करून बाहुल्या पाहिल्या. ओठ उघडून जिभेवर बोट ठेवलं. मग शेजारच्या खाटेवरच्या, खरोखर औषध अंगावर गेलेल्या माणसाकडे एकदा पाहिलं. त्या औषधाने बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला फेस येतो, अंग घामाने भिजतं. माझं सगळं उलटं होतं. आदल्या दिवशी गर्दीत ते कुणी बाजूबाजूला ठेवून पाहिलं नव्हतं.

"एका श्वासात जेवढे होतील तेवढे आकडे मोजा," त्या म्हणाल्या.

मी चौदापर्यंत पोचले. निरोगी माणूस तीस-चाळीसपर्यंत सहज जातो.

त्यांनी लगेच ईसीजी काढायला लावला, म्हणजे हृदयाच्या विजेचा आलेख. पट्टीकडे बघून त्यांचा चेहरा बदलला. रक्त स्वतः काढलं आणि स्वतः घेऊन गेल्या. तासाभराने परत मोजायला लावलं तेव्हा मी नऊवर थांबले. विलास माझ्यावर वाकून उभे होते. ते आकडे ओठांतल्या ओठांत माझ्यासोबत मोजत होते. मी थांबल्यावर त्यांनी ओठांत दहा म्हटलेलं मला दिसलं.

त्यानंतर तो कागद आला. एक पॉइंट सात.

या आजाराला हायपोकॅलेमिक पॅरालिसिस म्हणतात. रक्तातलं पोटॅशियम खूप उतरल्याने स्नायू लुळे पडतात. आपल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत एक पंप असतो. तो सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. अकरा वर्षं मी हे फळ्यावर काढत होते, बाण निळ्या खडूने. पेशीच्या आत आणि बाहेर पोटॅशियमचं जे प्रमाण असतं त्यावर स्नायूची सगळी तयारी अवलंबून. बाहेरचं पोटॅशियम फार उतरलं की मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत येतो, पण स्नायू तो घेतच नाही. आणि ग्लुकोज दिलं की इन्सुलिन वाढतं, इन्सुलिन रक्तात उरलेलं पोटॅशियमही पेशींच्या आत ढकलतं. माझे हात त्या बाटलीबरोबर का गेले, ते असं. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

पोटॅशियम शिरेतून हळूहळू देतात. घाईने दिलं तर हृदय थांबू शकतं, म्हणून मॉनिटर लावून. शिरेत आग होते. हात कोपरापर्यंत जळत होता. संध्याकाळी पाच वाजता उजव्या पायाचा अंगठा हलला. आधी विलासना दिसला, मग मला कळला. त्यांनी तो मुठीत धरला आणि तसेच खाटेच्या टोकाला खाली बसले.

दादा दारात उभा होता. डॉक्टर मॅडमनी त्याला कागद दाखवून सगळं समजावलं होतं. तो आत आला, विलासच्या शेजारी उभा राहिला. मग म्हणाला, "जवाई, चहा घेता का?" विलास उठले आणि त्याच्याबरोबर गेले. आमच्या घरात माफी एवढीच मागितली जाते आणि एवढीच दिली जाते.

पोटॅशियम गेलं कुठे, हा पुढचा प्रश्न होता. त्याला आणखी पाच दिवस लागले. शरीरात रोज आम्ल तयार होतं आणि मूत्रपिंड ते लघवीतून बाहेर टाकतं. माझं रक्त आम्लाकडे झुकलेलं होतं, म्हणजे लघवी चांगली आंबट हवी होती. ती नव्हती. मूत्रपिंडातल्या बारीक नळ्या आम्ल टाकत नव्हत्या आणि त्याऐवजी पोटॅशियम वाहून जात होतं. याला रीनल ट्युब्युलर अ‍ॅसिडोसिस म्हणतात. मग खालच्या पापणीत गाळण कागदाची पट्टी पाच मिनिटं अडकवून ठेवली. ती शर्मर टेस्ट. पट्टी दोन मिलिमीटर भिजली. आमच्या प्रयोगशाळेत तोच कागद मी पोरांना कात्रीने कापून देते. शेवटी ओठाच्या आतला छोटा तुकडा तपासला आणि नाव मिळालं, शोग्रेन्स सिंड्रोम. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते, कधी मूत्रपिंडावरही. हा बरा होत नाही, ताब्यात राहतो. मला दिवसातून चार वेळा पोटॅशियम सायट्रेटचं औषध घ्यावं लागतं, आणि ते जन्मभर. कॉलेजच्या सहलीला, लग्नाला, कुठेही जा, बाटली आधी पिशवीत. एक दिवस विसरले की दुसऱ्या दिवशी मांड्या आठवण करून देतात. सुटले असं मी म्हणत नाही. खोली जरा मोठी मिळाली.

मी घरी आल्यावर मुलगीही आली, ती आठ दिवस होस्टेलला परत गेली नाही. पाचव्या दिवशी भाजी निवडताना तिने विचारलं, "तेव्हा मी फोनवर जे बोलली ते तुले आठवते का?" मी हो म्हटलं. ती माझ्या कुशीत डोकं घालून रडली. माझ्या डोळ्यांत मी दर दोन तासांनी थेंब घालते, त्यामुळे माझेही डोळे ओले दिसत होते.

विलासशी बोलणं सगळ्यात उशिरा झालं. मी विचारलं, "तुम्हाले काहून खरं वाटलं?"

"मंगळवारी शेजारीण तुझ्याजवळ होती, जीप यायची होती. तेवढ्यात मी दुकानातल्या बाटल्या मोजल्या," ते म्हणाले. "बरोबर भरल्या. तरी खरं वाटलं." मग म्हणाले, "दोन वर्षं झाले, तू घरी आली की भिंतीकडे तोंड करून झोपायची. मले वाटलं, इले आता काही नको आहे. विचारायची भीती वाटे."

मला थकवा होता आणि मी तो माझा आळस समजत होते. त्यांना ते दुःख दिसत होतं आणि ते त्यांच्यामुळे आहे असं वाटत होतं. एका घरात दोन चुकीचे अंदाज दोन वर्षं शेजारी शेजारी झोपत होते. तुमच्या घरात कुणी कोरड्या तोंडाचं, कोरड्या डोळ्यांचं, सारखं थकणारं असेल तर एवढंच करा. त्यांना विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

सहा महिन्यांनी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "मॅडम, एक काम कराल? तुमच्या मारेगावकडची एक बाई आहे. तीन दिवस झाले, कुणाशी बोलत नाही. जरा बसाल तिच्याजवळ?"

मी वॉर्डाकडे जवळजवळ धावत गेले. दारातच वळून मागून येणाऱ्या मॅडमना विचारलं, "पोटॅशियम पाहिलं का तिचं?"

"पाहिलं. नॉर्मल आहे."

तरी मला खात्री होती. ही माझ्यासारखीच असणार, हिचंही कुणी ऐकलं नसणार. पंचविशीची होती. मी स्टूल ओढून बसले, माझी गोष्ट सांगितली, पाय कसे गेले, कुणी कसा विश्वास ठेवला नाही. ती ऐकत होती की नाही कळेना. मग मीही गप्प झाले. 

"बाई," ती म्हणाली, "म्या खरंच घेतलं व्हतं."

मी तिच्यासाठी ठरवून आणलेलं कारण हातातून गळून पडलं होतं. मलाही तिचं ऐकण्याआधीच उत्तर माहीत होतं, हे मला तिथे स्टूलावर बसल्या बसल्या कळलं. मी तिचा हात हातात घेतला. ती हळूहळू बोलायला लागली. काय बोलली ते तिचं आहे. मधे औषधाच्या खिडकीवर माझा नंबर पुकारला गेला आणि पुढे निघून गेला.

धोका टळलाय, आता तिच्याशी बोलणाऱ्या वेगळ्या डॉक्टर येतील, असं सिस्टरांनी सांगितलं. मी उठले तेव्हा तिने माझी बोटं सोडली नाहीत.

"तुमी आणखी येसान का?"

"सोमवारी माझी तपासणी आहे," मी म्हटलं. "तेव्हा येते."

माझी पुढची तपासणी तीन महिन्यांनी होती. सोमवारी मी कॉलेजात रजा टाकली आणि पहिल्या एसटीने यवतमाळला गेले.